न वाजलेली दारू

मकरदुर्गाच्या पूर्वतटावर पहाट फुटत होती. ओहोटीने उघड्या पडलेल्या खाडीत आरमाराच्या गलबतांचे जळके सांगाडे चिखलात कलंडले होते, आणि ज्यांची पोटे त्या गलबतांवर चालत, ते खारवी महादरवाजापाशी हातात दगड घेऊन उभे होते. आरमाराचे सारंग, बाळोजी कुवेसकर, यांना बेड्या घालून सदरेकडे नेऊ लागताच एक दगड त्यांच्या कपाळावर बसला. कोणी हळहळले नाही.

राज्याची गलबते तोफा-दारूसह जाळल्याचा आरोप होता. शाबीत झाल्यास शिक्षा कडेलोटाची. फिर्यादी खुद्द सुभेदार यादवराव मांडवे. निवाड्यासाठी राजधानीहून न्यायाधीश अंतोपंत आले होते.

"सारंग, गलबते कोणी जाळली?"

"मी जाळली, पंत."

सदर खवळली.

"कारण?"

"त्या पहाटे ती गनिमाच्या घशात जाणार होती. भुशिरामागे त्याची तरांडी दबा धरून होती, आणि सुभेदारांनी आमचे पहारे किनाऱ्यावर बोलावून घेतले होते. हा सौदा होता."

"पुरावा?" यादवराव हसले. "पंत, स्वतःची मान वाचवण्यासाठी हा हरामखोर धन्यावर चिखल उडवतो आहे!"

बाळोजींपाशी पुरावा नव्हता, आणि त्यांच्या बाजूने तोंड उघडायला गडावर कोणी धजत नव्हते. तेव्हा त्यांची पत्नी आवडाबाई पुढे आली.

"बाईमाणसाने सदरेवर बोलायचे?" यादवराव गरजले.

"जिचे कुंकू पणाला लागले आहे, ती बोलेल," अंतोपंत म्हणाले.

आवडाबाईने पदर सावरला. "सुभेदारसाहेब, गलबतांवर दारू होती?"

"कोठ्या भरून होती. तीच तर या नीचाने जाळली!"

"आग लागली तेव्हा आपण कुठे होता?"

"इथेच, तटावर."

"मग स्फोटाचा आवाज आपण ऐकलाच असेल."

यादवरावांचा हात तलवारीच्या मुठीवर गेला.

"दारूची एक कोठी पेटती तर हा तट हादरता, खाडीकाठची घरे कोसळती. गलबते तर सरणाच्या लाकडांसारखी मुकाट जळली. साऱ्या बंदराने पाहिले. पंत, दारू आधीच उतरवली होती. लढाऊ गलबते कोणी पांगळी केली, एवढेच विचारा."

"सारंगानेच उतरवली असेल!" यादवराव ओरडले.

साऱ्या नजरा गोलंदाजांचे नाईक हसाजी तावडे यांच्याकडे वळल्या, कारण दारूखान्याच्या किल्ल्या त्यांच्याच कमरेला असत. माडांच्या बागेच्या बांधावरून झालेल्या भांडणात त्यांचा धाकटा भाऊ बाळोजींच्या तलवारीने पडला होता. ते वैर ठाऊक असल्यामुळे यादवराव निश्चिंत झाले. "सांगा हसाजी, खरे काय ते सांगा."

हसाजी उठले. "या माणसाचे तोंड पाहिले की माझे रक्त उकळते. तो मेला तर माझी आई साखर वाटील." ते पंतांकडे वळले. "पण दारू मी उतरवली, पंत. सुभेदारांच्या हुकमाने. ती ओलावली आहे, असे ते म्हणाले. मी हात घालून पाहिले होते. खडखडीत कोरडी होती. तरी मी गप्प बसलो."

यादवरावांची तलवार म्यानातून बाहेर आली. पहारेकरी धावेपर्यंत वार हसाजींच्या खांद्यावर उतरला होता. हसाजी जागचे हलले नाहीत.

अंतोपंतांनी निवाडा सांगितला: सारंगांनी राज्याचे नुकसान केले, पण त्याहून मोठा घात टाळण्यासाठी केले, म्हणून ते निर्दोष. यादवरावांना बेड्या घालून राजधानीकडे न्यावे. आणि संशय येऊनही मौन धरले, म्हणून हसाजींची नाईकी काढून घ्यावी.

आवडाबाईने पुन्हा हात जोडले. "पंत, हसाजींच्या वतीने मला बोलू द्या."

"बाई, तुमच्या घरचा शब्द मला नको," हसाजी म्हणाले. शेल्याने खांदा आवळीत त्यांनी किल्ल्या सदरेवर ठेवल्या आणि दुपारच्या आत म्हाताऱ्या आईला घेऊन गड सोडला.

बाळोजींच्या पायांतल्या बेड्या तुटल्या, पण बंदराने त्यांना जवळ केले नाही. जळकी गलबते डोळ्यांसमोर होती, आणि घरोघरी चुली थंड होत्या. पुढल्या साली नवे आरमार पाण्यात उतरले तेव्हा बाळोजींनी हसाजींकडे माणूस धाडला: गोलंदाजांची नाईकी रिकामी ठेवली आहे, यावे.

माणूस एकटाच परत आला. त्याला अंगणातही उभे राहू दिले नव्हते.