टाकीतला ‘ठक्’

“ठक्!”

“पुन्हा टाक,” भिंगरी म्हणाली. संग्रहालयाच्या मागच्या अंगणात पालथी पडून तिने जमिनीतल्या भोकाला कान लावला होता.

खारूने दुसरा खडा आत सोडला. “ठक्!”

“दगडावर पडला तर टणकन वाजेल, पाण्यात पडला तर डुबुक! हे लाकूड आहे!” भिंगरी उठून बसली. “रिकाम्या टाकीत लाकूड कुठून आलं?”

एका जागी क्षणभर टिकेल तर शपथ, म्हणून तिचं नाव भिंगरी. खारू तिचा धाकटा भाऊ. भिंत असो, कपाट असो, हा वर! सुट्टीत दोघं मावशीकडे आली होती, आणि मावशीचा मुलगा, सगळं माहीत असतं म्हणून ज्याला सगळे प्रोफेसर म्हणत, सतत त्यांच्याबरोबर होता. मावशी याच संग्रहालयात जीवाश्म, म्हणजे फॉसिल, साफ करायची. सुई आणि ब्रश घेऊन दगडात रुतलेलं हाड कणाकणाने मोकळं करायचं, हे तिचं काम.

जमिनीखालची ही जुनी टाकी आज काँक्रीटने भरायची होती. वर नवं दालन बांधणार होते.

प्रोफेसर मुकादमाकडे धावला. “काका, टाकीत काहीतरी आहे!”

“अरे बाळा, टाक्या भरण्यात आयुष्य गेलं माझं. टाकी म्हणजे टाकी! तिच्यात काय असणार?”

“तुम्ही आत बघितलंत का?”

“बघायचंय काय त्यात? पळा! मधे लुडबुडू नका!”

“यांचं डोकं फुसलाइज झालंय,” परत येताना खारू पुटपुटला.

“फॉसिलाइज!” प्रोफेसर ओरडला. “आई सकाळी काय म्हणाली? चूक वेळीच सुधारली नाही, तर ती जिभेवर कायमची बसते. चूकसुद्धा फॉसिलाइज होते!”

“पण फॉसिल मेलेल्याचं होतं ना? मुकादमकाका तर चांगले जिवंत आहेत.”

“विचार दगडासारखे घट्ट झाले, नवीन काही आत शिरेनासं झालं, की जिवंत माणसालाही हा शब्द लावतात.”

“म्हणजे मी बरोबरच बोललो!”

“अर्थ बरोबर, शब्द फुसका!”

कामगार जेवायला गेले. भोकापासून थोड्या अंतरावरचं टाकीचं लोखंडी झाकण ते उघडंच टाकून गेले होते.

“आधी आईला सांगू,” प्रोफेसर म्हणाला.

“तोवर काँक्रीट पडेल! एक नजर टाकायची आणि वर यायचं,” म्हणत भिंगरी शिडी उतरायलाही लागली. नाइलाजाने टॉर्च घेऊन प्रोफेसर तिच्या मागे गेला. खारू शिडीवरून घसरतच खाली आला.

टाकी कोरडी ठणठणीत होती. छत बुटकं. भोकाखाली एक सुटी फळी पडली होती, आणि कोपऱ्यात ताडपत्रीखाली लाकडी पेट्यांची रांग! भिंगरीने एका पेटीची सैल फळी उचकटली. वाळलेल्या गवताखाली एक दगड होता, आणि दगडावर पान. त्याच्या शिरासुद्धा मोजता आल्या असत्या!

“हे खरं फॉसिल आहे,” प्रोफेसर कुजबुजला. “हे इथे कसं—”

धडाम!

वरचं झाकण पडलं. कडी सरकल्याचा आवाज आला. कामगार जेवून परतले होते! तिघं शिडीकडे धावली, ओरडली, झाकणावर मुठी आपटल्या. पण वर मिक्सर घरघरायला लागला होता. त्यापुढे त्यांचा आवाज म्हणजे डासाची गुणगुण!

छताच्या भोकातून राखाडी लगदा भदाभदा कोसळला. पसरत पसरत तो पहिल्या पेटीपर्यंत आला.

“ताई,” खारूचा आवाज एवढासा झाला, “आपणही फॉसिल होणार?”

“छे, त्याला हजारो वर्षं लागतात,” प्रोफेसर घाबरून भराभरा बोलू लागला. “आधी मऊ भाग कुजतो, मग हाडाच्या छिद्रांत पाण्यातले क्षार झिरपतात, मग हाडाची जागा दगड—”

“प्रोफेसर, गप्प बस ना रे!”

भिंगरीचे पाय पळायला शिवशिवत होते. पण पळणार कुठे? जाईल तिकडे भिंत. आपणच या दोघांना खाली आणलं! खारूने तिचा हात घट्ट धरला. ती मुद्दाम थांबली, एक मोठा श्वास घेतला आणि भोकाकडे पाहिलं. लोंढा थांबला होता. वर दुसरा घाणा तयार होत असणार.

“टाकी भरली की ते मशीन बंद करतील ना?” तिने विचारलं.

“तोवर आपणही भरलेलो असू!”

“मग टाकी आत्ताच भरली असं त्यांना वाटायला हवं! भोक बंद करू!”

प्रोफेसरचे डोळे चमकले. दोघांनी ताडपत्रीत गवत कोंबून घट्ट गाठोडं बांधलं. खारू प्रोफेसरच्या खांद्यावर चढला आणि त्याने ते भोकात ठासलं. पेटीची लांब फळी भिंगरीने त्याखाली टेकू म्हणून ठोकून बसवली.

दुसरा लोंढा आला. फळी करकरली. राखाडी थेंब भिंगरीच्या केसांत पडले. “सोडू नका!” तिघंही फळीला बिलगली.

वर आरडाओरडा सुरू झाला. “अहो, बाहेर वाहतंय! टाकी भरली!”

“एवढ्यात? माझे बूट! बंद कर! बंद कर मेल्या!”

घरघर थांबली.

“आत्ता!” भिंगरीने टॉर्च हिसकावला आणि लोखंडी शिडीवर घण घण आपटला. तिघंही जीव खाऊन ओरडली, “आम्ही खाली आहोत!”

कडी सरकली. प्रकाशाच्या चौकोनात मुकादमाचा पांढराफटक चेहरा दिसला. त्याने एकेकाला उचलून वर घेतलं.

मावशी हातातल्या ब्रशसकट धावत आली. तिने तिघांना कवटाळलं आणि मग तिघांना धारेवर धरलं. “न सांगता उतरलात? काही झालं असतं म्हणजे?” भिंगरीने मान खाली घातली. “चुकलंच, मावशी. माझंच ऐकून उतरले हे दोघं.”

पेट्या वर आल्या, तशा संग्रहालयाच्या संचालकबाई अंगणातच खाली बसल्या. जुन्या दालनाचं छप्पर गळत होतं, तेव्हा कुणीतरी पेट्या या कोरड्या टाकीत सुरक्षित ठेवल्या होत्या. तो माणूस नोकरी सोडून गेला, आणि पेट्या हरवल्या असंच सगळे म्हणत राहिले. “आम्ही सगळीकडे शोधलं म्हणतो,” त्या म्हणाल्या, “पण पायाखाली कुणी पाहिलं नाही. या मुलांनी एका आवाजावरून ओळखलं! शाबास रे पोरांनो!”

मुकादम पुढे झाला. “मी बघायला हवं होतं,” एवढंच तो म्हणाला. शेवटची पेटी त्याने स्वतः, तान्ह्या बाळासारखी छातीशी धरून आणली.

तिच्यात दगडी अंडी होती. एकाला तडा गेला होता, आणि फटीतून इवलंसं हाड दिसत होतं.

“पिल्लू होतं आत,” मावशी हळूच म्हणाली. “बाहेर यायच्या आधीच गाळाखाली गाडलं गेलं.”

भिंगरीने खारूला जवळ ओढलं. मग तिने विचारलं, “मावशी, त्याला मोकळं करायला किती दिवस लागतील?”

“खूप. पण तू रोज आलीस तर थोडे कमी.”

मावशीने आपली सुई तिच्या हातात दिली.