एकविसावी क्लिप

झेरॉक्सचं दुकान बंद होतं. 'पंधरा मिनिटांत येतो' अशी पाटी दारावर लटकत होती. ती कधी लावली ते मात्र कुठेच लिहिलेलं नव्हतं. घरात तिला सगळे भिंगरी म्हणत, ते काही उगीच नाही. पंधरा मिनिटं एका जागी उभं राहणं तिच्या स्वभावातच नव्हतं. हातातले कागद सावरत ती शेजारच्या कॉम्प्युटरच्या दुकानात शिरली, निव्वळ पंख्याखाली उभं राहायला.

आत एक तरुण काउंटरवर वाकून कसलासा बोर्ड जोडत होता. तिनं समोरच्या ट्रेमधली एक चौकोनी, चकचकीत वस्तू उचलली.

"कडेला धरा हं," तो मान वर न करताच म्हणाला. "मध्ये बोट लावू नका."

"न बघता कसं कळलं?"

"सगळे मध्येच बोट लावतात."

मग त्यानं वर बघितलं. डोळे इतके शांत की ती उगाचच चिडली.

"तुमची मान दुखते," ती म्हणाली. "उजवीकडे जास्त. आणि सकाळी उठल्यावर आखडलेली असते."

"न विचारता कसं कळलं?"

"सगळे असेच वाकून बसतात! मी फिजिओथेरपिस्ट आहे. समोरच्या हॉस्पिटलात."

तो हसला. एकाच बाजूनं, जरासा... आणि भिंगरीला पंख्याखालीही उकडायला लागलं.

बोलता बोलता तिनं सगळं सांगून टाकलं. पेशंटना व्यायामाचे कागद दिले की ते घरी जाऊन गादीखाली ठेवतात. म्हणून तिनं फोनवर व्यायामाच्या वीस क्लिप्स काढल्या होत्या, पण त्या जोडायच्या कशावर? घरी बाबांच्या जुन्या ऑफिसनं काढून टाकलेला कॉम्प्युटर होता. बाबांनी रस्त्यातल्या खड्ड्यांवर तक्रारीचं पत्र टाइप करायला घेतलं तरी तो धापा टाकायचा. तिला असा हवा होता, ज्यावर एडिटिंग होईल, बाबांची पत्रं होतील, आईला बिलं भरता येतील, मालिका बघता येतील, आणि एवढं सगळं करून खिशालाही झेपेल.

"क्लिप्स घेऊन या," तो म्हणाला. "तुमच्याच कामावर मशीन तपासू. आणि घरच्या मशीनवर स्टिकर असेल, त्याचा फोटोही आणा."

तेवढ्यात झेरॉक्सवाला आला. तिनं घाईघाईनं कागद त्याच्या हातात कोंबले आणि ड्यूटीवर पळाली.

दुसऱ्या दिवसापासून जेवणाच्या सुट्टीत तिचे पाय आपोआप तिकडे वळू लागले. पहिला आठवडा ती खरोखरच गोंधळलेली होती. लॅपटॉप घ्यावा की मोठा? ग्राफिक कार्ड लागेल? आत रंगीत दिवे असलेला डबा किती छान दिसतो!

"दिव्यांनी व्हिडिओ लवकर तयार होत नाही," तो म्हणायचा. "आधी रॅम बघा. सोळा जीबी तरी हवी. प्रोसेसर मधल्या दर्जाचा चालेल."

दुसऱ्या आठवड्यात तिचा गोंधळ संपला होता, पण ती तो जपून वापरत होती. आज पक्कं करायचं, उद्या मोडायचं. स्टुलावर बसायचं, उठायचं, डबे उघडायचे, नको ते विचारायचं. तो मशीन तपासायला तिचीच क्लिप लावायचा आणि दुकानभर तिचा आवाज घुमायचा : "मान सरळ. खांदे खाली. एक... दोन... तीन... दहापर्यंत धरा..."

"तुम्ही करता का हा?" तिनं एकदा विचारलं.

"दिवसातून वीस वेळा ऐकतो."

"ऐकून मान सुटत नाही!"

तो नुसता हसला. घुम्या कुठला! तो तिला आवडत होता, चांगलाच आवडत होता. आणि त्याच्या मनात काय आहे हे मात्र काही केल्या कळत नव्हतं. म्हणून तर जिवाची ही तगमग. झेरॉक्सवाला रोज हाक मारायचा, "मॅडम, कागद तयार आहेत!" आणि ती रोज "नंतर नेते" म्हणून पुढे जायची. उद्या कॉम्प्युटरचं निमित्त संपलंच तर एखादं हाताशी असावं.

तिसऱ्या आठवड्यात मात्र ताणायला काही उरलं नाही. तिनं शेवटची यादी त्याच्यापुढे ठेवली. "हाच. ठरलं."

त्यानं यादी वाचली, घडी घातली, पुन्हा उलगडली.

"घेऊ नका."

"काय?"

"तुमच्या घरच्या मशीनचा प्रोसेसर वाईट नाही. जुनी हार्ड डिस्क काढून वेगवान एसएसडी टाकू, रॅम वाढवू. आणि क्लिप्सच्या हलक्या प्रती करून देतो. एडिटिंग त्यांच्यावर करायचं, शेवटचा व्हिडिओ बनताना मूळ क्लिप्स आपोआप वापरल्या जातात. नव्याच्या पाव किमतीत काम होईल."

तिनं यादी त्याच्या हातातून ओढून घेतली. म्हणजे आपण जावं असंच याला वाटतंय!

"म्हणजे उद्यापासून मी यायला नको."

"हो... म्हणजे... यावं नाही लागणार."

"छान!" ती उठली. रागानं दार आपटावं तर तेही काचेचं, आपोआप हळू बंद होणारं. तिच्यामागे ते सावकाश मिटत राहिलं आणि तिचा राग आणखीनच चढला.

तरी काम शेवटी त्यालाच दिलं; रविवारी सकाळी तो घरी येऊन जुन्या मशीनमध्ये एसएसडी आणि रॅम बसवणार होता. भिंगरीनं त्या दिवशी मुद्दाम ड्यूटी मागून घेतली. आणि मग हॉस्पिटलात सकाळभर घड्याळाकडे बघत स्वतःला शिव्या घातल्या. एका आजोबांचा गुडघा तिनं दहाऐवजी सतरा वेळा वाकवला.

दुपारी धावतपळत ती घरी पोचली, तर तो गेलेला.

"गुणी मुलगा हो," आई म्हणाली. "पाणीसुद्धा उभ्या उभ्याच प्यायला. सारखा दाराकडे बघत होता, कुणास ठाऊक का."

तो गेल्यावर बाजारातून परतलेले बाबा तर खूशच होते. तीन खड्डे त्यांनी तासाभरात निकालात काढले होते.

ती मशीनसमोर बसली. एखादा तरी बिघाड निघावा, काहीतरी अडावं, म्हणजे तक्रार घेऊन जाता येईल! पण छे. सगळं सुरळीत. मेल्यानं कामात कसूर म्हणून ठेवली नव्हती. तिला रडूच यायला लागलं.

मग तिचं लक्ष गेलं. तिच्या क्लिप्स वीस होत्या. हलक्या प्रती एकवीस दिसत होत्या.

तिनं एकविसावी उघडली. दुकानाचा काउंटर. विकायच्या कॅमेऱ्यासमोर तो बसलेला. मान सरळ, खांदे खाली.

"माइक टेस्ट. एक... दोन... तीन." मग त्यानं घसा साफ केला. "मॅडम, तुम्हाला नवीन कॉम्प्युटरची गरज नाही." थांबला. "मॅडम, खरं तर हे मी पहिल्याच आठवड्यात सांगायला हवं होतं, पण..." पुन्हा थांबला. "मॅडम, नवीन घेऊ नका. पण मग तुम्ही येणार नाही. आणि तुम्ही आला नाहीत तर मला—" त्यानं दोन्ही हातांनी तोंड झाकलं. "नको. हे नको. नुसतं घेऊ नका म्हणायचं. एक... दोन... तीन..."

कॅमेऱ्याच्या तपासणीची फाइल चुकून तिच्या क्लिप्समध्ये पडली होती, आणि बाकीच्यांबरोबर निमूटपणे घरी आली होती.

तिनं ती पुन्हा लावली. पुन्हा. आणि पुन्हा.

"कोण गं तो?" मागून बाबा.

"क... कुणी नाही. पेशंट."

"मान छान ठेवतो हो."

दुसऱ्या दिवशी सुट्टी व्हायच्या आधी दहा मिनिटं ती दुकानात उभी होती. तो ताडकन उठला.

"काय बिघडलं?"

"एक क्लिप जास्त आलीय."

त्याला कळायला एक क्षण लागला. मग त्याचे कान लालबुंद झाले. "ती... तुम्ही... पूर्ण बघितली?"

"पूर्ण कुठे आहे? तीनदा सुरुवात, आणि शेवट एकदाही नाही. मी पेशंटला असा अर्धवट व्यायाम करू देत नाही." आता मागे फिरणं नव्हतं. "मान सरळ. खांदे खाली. मी आले नाही तर तुम्हाला काय? एक... दोन... तीन—"

"करमत नाही," तो म्हणाला. "जेवणाची सुट्टी संपली की दुकान खायला उठतं. तू मला फार आवडतेस. काही विकत घेऊ नकोस, पण येत जा."

भिंगरी स्टुलावर बसली.

"तिनालाच सोडलंत," ती कशीबशी म्हणाली. "दहापर्यंत धरायचं असतं."

"तीन आठवडे धरलंय."

ती हसली, डोळे भरून आले तरी हसतच राहिली, आणि त्यानं तिच्या हातावर हात ठेवला, अगदी कडेला, सांभाळून. "मध्येच धर," ती म्हणाली. "मला काही होत नाही."

तेवढ्यात झेरॉक्सवाल्यानं दारातून डोकं घातलं. "मॅडम, तुमचे कागद! आज नेताय, की आजही नंतर?"

"द्या," ती म्हणाली. "आज नेते."