बर्फात गप्प झालेले जीव

पाण्याच्या एका थेंबात एकशे बारा जीव, आणि त्यातला एकही हलत नाही. असं कसं होईल?

२०५८ सालच्या त्या सकाळी आमच्या तलावाच्या पाळीवर हाच प्रश्न पडला होता, आणि उत्तर शोधायला हातात एकच तास होता. मी सुगंधा, तेव्हा सहावीत होते. डोकं माझं तेव्हाही गरमच असायचं.

पाळीवर नितळ बसला होता. नितळ म्हणजे पाणी तपासणारा यंत्रमानव. त्याचे पाय बगळ्यासारखे लांब आणि पोटात सूक्ष्मदर्शक (बारीकसारीक गोष्टी मोठ्या करून दाखवणारं यंत्र). त्यानं थेंब पडद्यावर दाखवला आणि शांतपणे म्हणाला, "हालचाल नाही. म्हणजे चौथा गट. माशांना धोका. अकरा वाजता तलावात औषध सोडायचा आदेश जाईल."

आई वाकून तलावाच्या पाण्यात पाहू लागली. तिच्या मच्छीमार बायकांच्या गटानं तलावात रोहू-कटल्याची बोटुकली (बोटाएवढी पिल्लं) सोडली होती. त्या औषधानं जीव मेले असते, पण पिल्लंही एकूण एक मेली असती.

"अरे बाप्पा! माझी पिल्लं तर चांगली उड्या मारून राहिली!" आई म्हणाली.

"चौथा गट म्हणजे काय ते नीट सांग आधी," मी नितळवर खेकसले. "पहिले तीन कुठे गेले?"

नितळला राग येत नाही, हे एक बरं. तो समजावू लागला. "हे सगळे एकपेशीय जीव. एकच पेशी म्हणजे अख्खं शरीर. त्यांना ओळखायची एक सोपी रीत आहे, ते चालतात कसे ते पाहायचं. अमीबा अंगाचाच एक भाग पुढे काढतो आणि बाकीचं अंग त्यात ओतत जातो. त्या भागाला छद्मपाद (खोटा पाय) म्हणतात. युग्लीनाला असते कशाभिका (चाबकासारखा लांब धागा). ती फिरवत तो पोहतो. पॅरामिशियमच्या अंगभर असतात पक्ष्माभिका (आखूड केसांची झालर). त्या वल्ह्यांसारख्या हलतात. हे झाले तीन गट."

"आणि चौथा?"

"चौथ्याकडे चालायला असं काहीच नाही. तो परजीवी (दुसऱ्याच्या शरीरात राहून त्याच्यावरच जगणारा). मलेरियाचा जंतू या गटातला."

"पण धागा आहे की झालर, ते नुसतं बघून कळत नाही?"

"ते इतकं बारीक असतं, की हललं नाही तर माझ्या भिंगाला दिसत नाही."

मी चिडून नमुन्याची बाटली उचलली. ती गारठलेली होती. तेव्हा कुठे मला आठवलं.

ते पाणी सकाळी सहाला तलावाच्या मधोमध जाऊन मीच भरलं होतं. नितळ येणार दहाला. तोवर खराब व्हायला नको म्हणून बाटली माशांच्या पेटीत, बर्फात खुपसून ठेवली होती. आमच्या घरी तलावातून काहीही आणलं की आधी बर्फात! गप्प बसले असते तर कुणाला कळलंही नसतं. पण आईच्या तोंडाकडे पाहवेना.

"मी ती बर्फात ठेवली होती," मी सांगून टाकलं.

"काहून गं? पाणी काय मासा आहे?" आई ओरडली. मी रडकुंडीला आले.

नितळ म्हणाला, "थंडीत पेशीतली सगळी कामं मंदावतात. ते हलत नाहीत एवढंच मी पाहिलं, आणि हलूच शकत नाहीत असं धरून चाललो. माझंही चुकलं."

"मग दुसरं पाणी आणू?"

"त्यात दुसरे जीव असतील. आधी हेच कोण आहेत ते पाहू. पण उन्हात ठेवू नका, एकदम तापलं तर मरतील."

आईनं बाटली पदरात गुंडाळली आणि दोन्ही हातांत धरून बसली. पावणेअकरा वाजले. नितळनं नवा थेंब घेतला. सुरुवातीला काहीच नाही. मग एक जीव थरथरला, गिरकी घेऊन सुसाट सुटला. मग दुसरा सुटला, मग दहा-बारा, मग जवळजवळ सगळेच!

"अगं, हा तर वल्ही मारत डोंगा चालवतोय!" आई पडद्याला नाकच लावून बसली. जन्मभर जाळ्यातले मासे निवडलेली बाई ती. तिनं भराभर निवडायला सुरुवात केली. "हा झालरवाला. हा चाबूकवाला. हा बघ आळशी, अंग ओतत निघालाय."

अकराला पाच मिनिटं असताना नितळनं आदेश रद्द केला. आईनं मला जवळ ओढलं आणि दोघी रडलो.

थेंबात एक गोल जीव मात्र अजून ढिम्म होता.

"याला चौथ्या गटात घालू?" नितळनं मला विचारलं.

तासाभरापूर्वी मी हो म्हणाले असते. "नको. लिही, अजून कळलं नाही."

"असा रकाना माझ्याकडे नाही."

"मग आखून घे की!"

त्यानं आखला. त्या गोल जीवाला नितळनं वेगळ्या बशीत ठेवलं. ती पुटी (वाईट दिवसांत जीव स्वतःभोवती करून घेतो ते कवच) निघाली. तिसऱ्या दिवशी ती फुटली आणि आतून एक चाबूकवाला पोहत बाहेर आला.

आज मी याच जीवांचा अभ्यास करते. त्यांची खरी नाती आम्ही जनुकांवरून (पेशीतल्या वारशाच्या खुणांवरून) लावतो, आणि चालीवरचे ते चार गट नुसत्या पहिल्या ओळखीपुरते असतात. पण 'अजून कळलं नाही' हा रकाना आता प्रत्येक नितळमध्ये असतो. आज त्यात सहाशे चाळीस जीव आहेत. सकाळी प्रयोगशाळेत आले की मी आधी तोच उघडते.