चिखलाखालचा रस्ता

जीप उचलून उंच करून झाली, इंजिन नीट झालं, हवा ओढणारा पाइप पार टपापर्यंत वर नेऊन झाला, आणि टायरपाशी येऊन विल्सन फर्नांडिसचं घोडं अडलं. रुंद घ्यावेत की अरुंद? जेवताना तो भाकरीचा तुकडा आडवा-उभा धरून आमटीत रुतवून बघायचा. समोर बसलेली त्याची बायको सँड्रीना हसायची.

मालवणात शिरायच्या आधी उतारावर स्वरूपचं टायरचं दुकान आहे. त्याने एक भलाथोरला रुंद टायर गडगडवत पुढे आणला.

"अंकल, ह्योच घेवा. उचललेल्या जीपीक बारीक टायर म्हणजे पैलवानाच्या पायात पोराची चपला."

"माका मिरवूचा नाय रे," विल्सन म्हणाला. "रेतीत जावचा असता तर रुंदच घेतलो असतो. पण माका खाडीच्या चिखलातसून जावचा आसा. बारीक चाक चिखल कापून खाली खडकार टेकतला. रुंद वरच तरंगत रवतला."

"तळाक खडक आसा ह्यां नक्की?"

"पहार मारून बघलंय."

आणि ते खरंच होतं. कुवेतमध्ये क्रेन दुरुस्त करण्यात विल्सनचं अर्धं आयुष्य गेलं होतं. अंदाजावर काम करणं त्याच्या रक्तातच नव्हतं. कर्लीच्या खाडीत त्यांच्या घरासमोर एक जुवा आहे, लहानसं बेट. तिथे सँड्रीनाच्या वडिलांची माडांची बाग आणि एक मांगर, बागेतलं छोटं कौलारू घर. गुडघे गेल्यापासून तिला होडीत चढता-उतरता येईना. ती व्हरांड्यात बसून लांबूनच माड बघायची. पण सुकतीला पाणी ओसरलं की किनाऱ्यापासून जुव्यापर्यंत तळ उघडा पडतो. विल्सनने तो सगळा पायी पालथा घातला, पावलापावलावर पहार रोवली. वीत-दीड वीत चिखल, खाली जांभा दगड. एक सरळ रेषा धरून त्याने दोन्ही बाजूंना बांबूच्या काठ्या उभ्या केल्या. जीप उचलून घेण्याचा सारा खटाटोप एवढ्यासाठी होता.

स्वरूपने नाक मुरडत अरुंद टायर चढवून दिले.

पहिल्या दिवशी सकाळचं ऊन नुकतं चढलं होतं. सँड्रीना मांडीवर पेजेचा डबा आणि सुक्या बांगड्याची किसमूर घेऊन शेजारी बसली. चाकं चिखलात उतरली, थोडी खाली गेली आणि टेकली. गाडी अलगद चालू लागली. विल्सनला आपल्या हिशेबाचा मनापासून आनंद झाला.

"टायर बरे घेतलंस," सँड्रीना म्हणाली.

तो दिवस फार छान गेला. सँड्रीना काठी टेकत प्रत्येक माडापाशी गेली, बुंध्यावरून हात फिरवून आली. पडलेली चुडतं, माडाच्या झावळ्या, गोळा केली. मांगराच्या ओसरीवर डाराडूर झोपली. इतक्या वर्षांत तिला इतकं खूश विल्सनने पाहिलं नव्हतं.

परतताना मात्र एक गोष्ट त्याच्या मनात आली. जांभा म्हणजे खड्ड्यांचा दगड. त्यावरून जाताना गाडी खडखडायला हवी होती. पण सँड्रीनाच्या हातातल्या उघड्या पेल्यातलं पाणी हललंसुद्धा नव्हतं. नव्या डांबरी रस्त्यावरून जावं तसं ते गेले होते.

पुढच्या खेपेला त्याने जुव्यावर उतरून मागे वळून पाहिलं. काठ्यांची रांग सरळ होती. चाकांच्या खुणा सरळ नव्हत्या. मध्यावर त्या काठ्या सोडून, येतानाच्या डाव्या बाजूला, खाडीच्या मुखाच्या दिशेने, सावकाश वळल्या होत्या आणि मग परत रांगेत आल्या होत्या. विल्सनने तर काठ्यांवरून नजर हटवली नव्हती.

सँड्रीना ओसरीवर निजल्यावर तो गाडीतली पहार घेऊन तिथपर्यंत गेला. खुणेच्या शेजारी पहार टाकली. ती सरसर आत गेली, त्याच्या मुठीपर्यंत गेली, आणि चिखलाने ती अशी धरून ठेवली की बाहेर काढताना त्याच्या खांद्यांतून कळा आल्या. तिथे तळच नव्हता. मग त्याने चाकाच्या खुणेत पहार मारली. वीतभरावर ती टेकली. आवाज दगडाचा नव्हता. लाकडी जमिनीवर टाच आपटावी तसा होता.

खाडीचा तळ बदलत असतो, त्याने स्वतःला समजावलं. घरी गेल्यावर पहार धुऊन जागेवर ठेवली आणि सँड्रीनाला काही सांगितलं नाही. तिच्या आनंदात कशाला माती कालवायची?

दिवस चांगले चालले होते. दर सुकतीला ते जात. त्या वळणावर आलं की इंजिनाचा आवाज दबून जायचा, कोणीतरी दार लोटून घ्यावं तसा. चिखलाचा कुबट वास जायचा आणि सुरंगीच्या फुलांचा वास यायचा. सुरंगीचे दिवस कधीच सरले होते. सँड्रीना डोळे मिटून गुणगुणायला लागायची.

"हंय इला की बरां वाटता," ती एकदा म्हणाली. "कोणाच्या तरी घराक चल्लंव, असां."

"कोणाच्या?"

"तां खंय ठाऊक."

मग ती दुपार आली. जुव्याकडे जाताना सँड्रीना तिच्या लहानपणीची काहीतरी गंमत सांगत होती आणि विल्सन पोट धरून हसत होता. हसता हसता त्याचं लक्ष आरशाकडे गेलं. आरशात माड दिसत होते. जुव्यावरचे माड. जुवा मागे पडला होता.

समोर खाडीचं मुख होतं. त्यापलीकडे समुद्राची पांढरी रेघ.

पाणी चाकांना लागत होतं. भरती सुरू झाली होती, आणि दोघांनाही त्याचा पत्ता नव्हता. पाण्याखाली चाकं अजून तशीच गुळगुळीत चालत होती.

विल्सनने स्टिअरिंग उजवीकडे फिरवलं. ते शेवटपर्यंत फिरलं. गाडी वळली नाही.

त्याने ब्रेक दाबला. गाडी थांबली. सुरंगीचा वास दाट झाला.

सँड्रीनाने त्याच्या हातावर हात ठेवला. तिचा चेहरा शांत होता, पोटभर जेवल्यासारखा.

"जावंदे मरे," ती म्हणाली. "रस्तो बरो आसा."

रस्ता खरंच बरा होता. विल्सनलाही पुढे जावंसं वाटत होतं. इतकं वाटत होतं की ब्रेकवरचा पाय आपोआप हलका होत होता. ते त्याच्या लक्षात आलं.

त्याने रिव्हर्स टाकला.

गाडी मागे आली. मागे येताना मात्र खाली दगड लागत होता. खडखड, आदळआपट, सँड्रीनाचा डबा पायाशी पडला. पाणी दाराच्या फटीतून आत आलं. त्याने आरशावरची नजर काढली नाही. पुढे बघायचं नाही, एवढंच त्याने ठरवलं होतं.

किनाऱ्याला लागल्यावर सँड्रीना बराच वेळ गाडीतच बसून राहिली. मग म्हणाली, "माझे पाय भिजले," आणि उतरली.

दुसऱ्या दिवशी विल्सन स्वरूपच्या दुकानात गेला.

"रुंद घाल."

स्वरूप हसला. "काय झाला? चिखल कापूक नाय?"

"कापल्यान," विल्सन म्हणाला. "माका वरूनच जावचा आसा."

रुंद टायरांनी गाडी घसरायची, बूड हलवायची, चिखल काचेवर उडवायची. पण काठ्यांच्या मधूनच जायची आणि जुव्याला लागायची. सुकती लागली रे लागली की निघायचं आणि पाणी फिरायच्या आत परतायचं, हा नियम त्याने केला. सँड्रीना कुरकुरली नाही. "हाडां खिळखिळी केलंस," एवढंच म्हणायची. बागेत नवी रोपं लागली. मांगराची कौलं चाळून झाली. दोघांची तब्येत सुधारली, असं शेजारी म्हणू लागले.

अशाच एका दुपारी जेवण करून सँड्रीना ओसरीवर आडवी झाली. विल्सन चहाचा पेला घेऊन माडाला टेकून बसला. खाडी रिकामी होती. चिखलावर लहान खेकडे फिरत होते. वारा पडला होता.

एकाएकी सगळे खेकडे बिळात गेले.

किनाऱ्याकडून चिखलात दोन सऱ्या उमटत येत होत्या. बारीक, खोल, आधीच्या अरुंद टायरांएवढ्या, शेजारी शेजारी. चिखल दोन्ही बाजूंना सरत होता, चपचप असा हलका आवाज येत होता. वर काही नव्हतं. नुसतं ऊन होतं.

सऱ्या त्या वळणावर आल्या आणि जुव्यासमोर थांबल्या.

विल्सन हलला नाही. हातातला चहा निवला, वर साय धरली. सऱ्या तिथेच होत्या.

मागे सँड्रीना हलकेच हसली. त्याने वळून पाहिलं. तिचे डोळे मिटलेले होते, श्वास झोपेचा होता. तिने एक हात वर केला होता, आणि पाहुणे निघाले की अंगणातून हलवतात तसा ती तो सावकाश हलवत होती.

विल्सनने पुन्हा खाडीकडे तोंड केलं. सऱ्या चालू लागल्या होत्या. न घाई, न आवाज, मुखाच्या दिशेने. त्या पाण्यात शिरेपर्यंत तो बघत राहिला.

त्या दिसेनाशा झाल्या, तेव्हा त्याला कळलं की आपलाही हात वर आहे.