भोजनानंतरची लांबलचक प्रार्थना

"तिर्झा, कालचं हाड आठवतंय ना? तू म्हणालीस दोन हजार वर्षांपूर्वीचं, आणि निघालं कुणाच्या तरी डब्यातल्या कोंबडीचं!" एव्यातार खिदळला.

"हसू नकोस रे! आधी खाली बघ!"

गालीलच्या त्या डोंगरउतारावर जुन्या ज्यू गावाचं उत्खनन चालू होतं आणि सातवीचा वर्ग सहलीला येऊन माती उपसत होता. तिर्झाने एका खड्ड्यातली माती झाडली, तर खाली गिलावा केलेल्या रुंद पायऱ्या! त्यांच्या मधोमध वरपासून खालपर्यंत एक बुटका बांध गेला होता.

"जेरुसलेमला आपण असाच बांध पाहिला होता!" तिर्झा ओरडली. "हे शुद्धिस्नानाचं कुंड आहे. एका बाजूने उतरायचं, बुडी मारायची आणि शुद्ध होऊन दुसऱ्या बाजूने वर यायचं!"

"पाण्याची टाकी आहे ती!" मागून गिदोनी गरजला. कामावर देखरेख करणारा हा गृहस्थ नेहमी घाईत असे. "हगारबाई येतायत. त्या यायच्या आत हा खड्डा बुजवून सगळं साफसूफ करायचंय."

"पण काका, टाकीला मधे बांध कशाला?"

"ती कोंबडीवाली तूच ना?"

तिर्झाच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. हगारबाई म्हणजे उत्खननाच्या प्रमुख. त्यांनी हे एकदा पाहिलं असतं तर! पण तोवर पायऱ्या मातीखाली जाणार होत्या.

इतक्यात वर्गशिक्षिका नेहामाबाईंनी हाक दिली, "हात धुवा आणि सावली मिळेल तिथे जेवायला बसा!"

सावली होती फक्त त्या खड्ड्यावर ताणलेल्या जाळीची! एव्यातारने तिर्झाकडे पाहिलं. त्याच्या डोक्यात काहीतरी शिजत होतं.

"भाकरी नक्की खा हं," तो कुजबुजला. "भाकरी खाल्ली की जेवणानंतर मोठी प्रार्थना लागते!"

सगळा वर्ग पायऱ्यांवर पिटाभाकरी, अंडी आणि ऑलिव्ह घेऊन बसला. शेवटचा घास संपतोय तोच खड्डा बुजवायची माती घेऊन मशीन घरघरत आलं.

"उठा, उठा!" गिदोनी ओरडला.

"काका, आभाराची प्रार्थना राहिलीय!" एव्यातार साळसूदपणे म्हणाला. "जेवलो तिथेच बसून म्हणायची असते. उठलो तर देवाला काय सांगायचं?"

मशीन चालवणाऱ्या ओहायोनकाकांनी तत्काळ इंजिन बंद केलं आणि खिशातून प्रार्थनेची टोपी काढून डोक्यावर ठेवली. "पोरं बरोबर बोलतायत, गिदोनी. मी थांबतो."

एरवी एव्यातार ही प्रार्थना एका श्वासात उरकायचा. आज मात्र त्याने ती गायला घेतली, प्रत्येक शब्दाला हेलकावे देत! पोरं खदखदून हसत साथ देऊ लागली. नेहामाबाईंच्या सारं लक्षात आलं. त्यांनी टाळ्यांचा ठेका धरला, तोही अगदी सावकाश!

गिदोनी बिचारा घड्याळाकडे बघून बघून थकला.

अन्नाचे आभार झाले. मग भूमीचे आले. हे शब्द तिर्झा रोज गिळूनच टाकायची. आज तिचा तळवा त्या थंड पायरीवर होता. इथे कुणीतरी भिजल्या पावलांनी वर आलं असेल, असं तिच्या मनात आलं आणि तिने एकेक शब्द स्पष्ट म्हटला.

प्रार्थना संपली तेव्हा खड्ड्याच्या काठावरूनही "आमेन" आलं. हगारबाई! त्या खाली उतरल्या आणि बांधावरून बोटं फिरवू लागल्या.

"गिदोनी, टाकीत उतरायला दोन वाटा कोण बांधतं?"

गिदोनीची मान खाली गेली. "चुकलंच माझं. मुली, मी तुझं ऐकायला हवं होतं."

"कुणी ओळखलं हे?"

सगळ्यांनी तिर्झाकडे बोट दाखवलं.

"शाब्बास! आणि वेळ काढणाऱ्या गवयांनाही शाब्बास!" हगारबाई हसल्या. "तुम्ही नसतात तर हे कुंड पुन्हा कधी दिसलं असतं कोण जाणे. मी तुमची फार आभारी आहे."

तिर्झा धावत ओहायोनकाकांकडे गेली. "काका, तुम्ही थांबलात म्हणून वाचलं हो!"

"अगं, मी काय केलं? नुसतं आमेन म्हटलं!"

"तिर्झा, बस सुटेल!" एव्यातारने हाक मारली.

"आले!" म्हणत ती पुन्हा पायऱ्यांपाशी वाकली आणि भूमीच्या आभाराची ती ओळ तिने पुन्हा एकदा सावकाश म्हटली. आता वेळ काढायची काही गरज नव्हती.