खालच्या खोलीतलं बटण

“आलो गं आई!” म्हणून ओरडलास, आणि बूड काही हललं नाही जागचं. वा रे पठ्ठ्या! दोनदा हाक मारली तिने. आता गप्प झाली, म्हणजे समजून चुकली. आणि बोललं की दिवे लावणारा तो डबा तूच आणलायस ना घरी? मग बस इथे आणि ऐक. बाकीच्यांनी मध्ये फिदीफिदी हसायचं नाही.

गोष्ट माझ्या मित्राची, चष्मेवाल्याची. माझ्या नाकावरचा हा चष्मा त्याच्याच दुकानातला. एक दिवस तो दुकान बंद करून निघाला, तो एक साधा रात्रीचा दिवा घ्यायला. घरात तिघंच. आई खालच्या खोलीत झोपायची, हा आणि वहिनी वर. म्हातारीला अंधारात बटण सापडेना, पलंगाच्या कडेवर गुडघा आपटून घेतला होता. विजेच्या दुकानातला पोरगा म्हणाला, “काका, साधा कशाला? हा मोबाईलवर चालतो. काही येत नसलं तरी जमतं.”

याला तर काहीच येत नव्हतं. ॲप उघडलं, वायफायचा पासवर्ड चुकला, परत चुकला, वहिनींवर उगाच चिडला. शेवटी एकदाचा बल्ब लुकलुकला आणि हा गडी पन्नाशीत टाळ्या पिटत नाचला. मग माणूस हलला की दिवा लागावा म्हणून पलंगापाशी एक सेन्सर चिकटवला. म्हातारीने पाय खाली टाकला की उजेड! चांगलंच केलं की. इथवर मी त्याला नावं ठेवत नाही.

पण त्या बल्बची एक गोम असते. भिंतीवरचं बटण कायम चालू ठेवावं लागतं. ते बंद केलं की मोबाईल काय, कोणीच काही करू शकत नाही. आणि म्हातारीला जन्माची सवय, उठली की बटण बंद. “उगाच कशाला जळत ठेवायचं?” याने समजावलं, परत समजावलं, एक दिवस खेकसलाच तिच्यावर. बटणावर जाड चिकटपट्टी मारली आणि वर मार्करने लिहिलं, ‘हात लावू नये’. आईच्या खोलीत. आईला!

तिने ते वाचलं. बल्बच्या खोक्यातला कागद खाली पडला होता, तो उचलला, नीट चार घड्या केल्या आणि पाण्याच्या भांड्याखाली ठेवून दिला. तिची रीतच ती. बिस्किटाचा कागद असो की औषधाचं पाकीट, चार घड्या आणि भांड्याखाली.

आता डब्याचं ऐका. रात्री ती हाक मारायची, “अरे, आहेस का?” हवं काहीच नसायचं. हा जिना उतरून दारात उभा राहायचा, “आहे गं” म्हणायचा, की ती कुशीवर वळून झोपायची. पण रात्रीतून दोनदा, कधी तीनदा. हा वैतागला. मग आणला तो बोलणारा डबा. त्याला शिकवून ठेवलं, की ‘अरे, आहेस का’ ऐकू आलं की दिवा मंद लावायचा आणि याच्या आवाजात म्हणायचं, “आलो गं आई. झोप तू.” गोड येईपर्यंत पुन्हा पुन्हा रेकॉर्ड केलं होतं म्हणे.

वहिनी म्हणाल्या, “अहो, फसवताय तुम्ही त्यांना.”

“अगं, झोपते ना ती? मग झालं तर.”

एकदा सकाळी म्हातारीने विचारलं, “रात्री आलास ना रे? मला दिसला नाहीस.”

हा चहा ढवळत म्हणाला, “आलो होतो की. तुझा डोळा लागला होता.”

फेब्रुवारीतला शेवटचा शनिवार. त्या रात्री म्हातारी गेली. सकाळी वहिनी चहा घेऊन खाली उतरल्या, तर ती पलंगावर उशीला टेकून बसलेली, तोंड दाराकडे. दिवा चालू. डॉक्टर म्हणाले, झोपेतच गेल्या असतील. बसून कोण झोपतं रे?

महिना गेला. मार्चमधला शेवटचा शनिवार, दोनचा सुमार. याला जाग आली. खालून आवाज येत होता. याचाच.

“आलो गं आई. झोप तू.”

डबा आपणहून बोलत नाही, बरं का. आधी कोणीतरी हाक मारावी लागते. ती हाक याला ऐकू आली नाही. ऐकू आलं ते फक्त उत्तर.

खाली गेला. दिवा मंद जळत होता. खोलीत कोणी नाही. म्हणाला, बिघडलाय मेला, आणि डब्याची वायर उपटली. अर्ध्या जिन्यात पोचला असेल…

“आलो गं आई…”

वायर याच्या हातात.

दुसऱ्या दिवशी दुकानात माझ्यासमोर ढसाढसा रडला. “भीती नाही रे वाटली,” म्हणाला. “लाज वाटली. इतक्या गोड आवाजात मी तिच्याशी समोरासमोर कधी बोललोच नाही. ती दाराकडे बघत बसली असेल, आणि मी वर घोरत होतो.”

मी म्हटलं, “हाक कोण मारतंय ते तुला कळलंय. मग आज तू जा. डब्याला बोलू देऊ नकोस.”

त्या रात्री तो जिन्याच्या शेवटच्या पायरीवर बसून राहिला. डबा स्वयंपाकघरातल्या कपाटात, वायरीशिवाय. खालच्या खोलीचं दार लोटलेलं.

दोन वाजून गेले.

दाराच्या फटीत उजेड आला.

हा उठला. आत जाऊन तिला तोंड कसं दाखवायचं?

कपाटातून आवाज सुरू झाला… “आलो…”

याने दार ढकललं.

पलंग. चादर. कोणी नाही.

“आई…”

…

“मी आलो गं. आज खरंच आलो. चुकलं माझं…”

काही नाही.

मग भिंतीवर… खट्.

अंधार.

सकाळपर्यंत तो पलंगाला टेकून जमिनीवर बसून होता. उजाडल्यावर पाहिलं, तर भिंतीवरचं बटण बंद. वर चिकटपट्टी नव्हती. पलंगाखाली शोधली, दारामागे शोधली. म्हातारीचं भांडं ती गेल्यापासून स्टुलावर उपडंच होतं. शेवटी ते उचललं.

डबा त्यानंतर कधी बोलला नाही. बटण अजून बंदच आहे, घरात कोणी त्याला हात लावत नाही. आणि भांड्याखालची ती चिकटपट्टी मी स्वतः पाहिलीय, याच चष्म्यातून. चिकटपट्टीची घडी घालून बघा कधी, बोटांना चिकटते, वेडीवाकडी होते. ही तशी नव्हती. चार घड्या, कडेला कड लावून, अक्षरं आतल्या बाजूला.