पोटरीतली नस

प्रेमाचा उगम हृदयात होतो, असं अनुभवी लोक सांगत आले आहेत. या दोघांच्या प्रेमाचा उगम पोटरीत झाला, आणि पोटरीही तिसऱ्याच माणसाची.

ती इस्पितळात सोनोग्राफी करायची. पायाची रक्तवाहिनी तुंबलेली माणसं तिच्याकडे यायची. तुंबलेल्या जागेला वळसा घालणाऱ्या बायपाससाठी त्यांच्याच पायातली एखादी नस वापरता येईल का, हे ती मोजून सांगायची. तो नसेऐवजी बसवायच्या कृत्रिम नळ्या विकणाऱ्या कंपनीचा. सगळे त्याला नळीवालाच म्हणत. तिला बरी नस सापडली की त्याची नळी खोक्यातच राहायची. त्यामुळे दोन वर्षं जिन्यात दिसूनही दोघं मान हलवण्यापलीकडे गेले नव्हते.

एका सकाळी तो अचानक तिच्या दारात आला, तो चाकाच्या खुर्चीत वडिलांना घेऊन. त्यांच्या पायाचा अंगठा काळा पडला होता. बायपास टिकला नाही तर पाय जाईल, असं सर्जनांनी स्पष्ट सांगितलं होतं.

तिने दोन्ही पाय तपासले. नस जेमतेम दोन मिलिमीटर.

"बारीक आहे... तीन तरी हवी. नळीच घालावी लागेल. तुमच्याकडे असेलच."

दुसरा विक्रेता आनंदाने उठला असता. हा एसीकडे बघत राहिला.

"खोली गार आहे, मॅडम. थंडीत नस आकसते. पाय खाली सोडून, ऊब देऊन परत मोजाल?"

"नस मिळाली तर तुमची नळी खपणार नाही."

"गुडघ्याखाली नळी नसेइतकी टिकत नाही."

"हे तुमच्या माहितीपत्रकात कुठे दिसलं नाही मला."

"ते... बाबांसाठी छापलेलं नाही."

तिने एसी बंद केला. त्याने अंगातला स्वेटर काढून पोटरीला गुंडाळला. वीस मिनिटं नुसतं थांबायचं होतं, म्हणून दोघं बोलत बसले. वडिलांनी मध्येच डोळे उघडून, माझी घाई नाही, चालू द्या, असं कळवलं.

नस साडेतीन भरली. तिने पेनाने पोटरीवर नसेची रेघ ओढली. अशा रेघा तिने शेकड्यांनी ओढल्या होत्या. ही ओढून झाल्यावर मात्र स्वेटर परत करायचं ती विसरली.

पाय वाचला. आठव्या दिवशी वडील वॉर्डभर चालून आले, तेव्हा त्याने तिला जिन्यात गाठलं.

"बाबा उद्या घरी जातील... मग मला इथे यायला कारण काय?"

"नळ्या विकायला या की."

"त्या तुम्ही विकू देत नाही."

"मग लग्नच करा," ती म्हणाली. "दुसरा इलाज दिसत नाही."

लग्न जानेवारीत झालं. आता ती सगळ्यांच्याच नसा ऊब देऊन मोजायची; त्या तिमाहीत विक्रीत त्याचा नंबर शेवटचा लागला आणि कंपनीने त्याला नसांच्या रुग्णांसाठीच्या घट्ट पायमोज्यांच्या विभागात टाकलं.